बिस्किटावरचं ‘तुम्ही’

प्रिय छोटी,

आधीच सांगते, घाबरू नकोस. बाबा आहेत तसेच आहेत, दुकान जागेवर आहे आणि ओव्हनने अजून कोणाचा जीव घेतलेला नाही. पाकिटावर माझं अक्षर बघून तू धसकली असशील, म्हणून हे सगळ्यात आधी. फोन का नाही केला, म्हणशील. अगं, फोन लावला की बाबा कान टवकारून शेजारी उभे. मागच्या दाराशी जावं तर तिथपर्यंत हाक येते, कोणाशी एवढं बोलतेस म्हणून. शिवाय फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत तुझे उपाय सुरू होतात. हाताखाली माणूस ठेव, मशीन घे, दुपारची डुलकी काढ. पत्राला मधेच तोडता येत नाही, एवढ्याचसाठी हे पत्र. आज दुकानाला सुट्टी आहे, बाबा जेवून आडवे झालेत आणि मी मैद्याच्या पोत्यावर बसून, मांडीवर रिकामा ट्रे उलटा ठेवून लिहितेय. अक्षर वेडंवाकडं येतंय ते मनगटामुळे. पण ते पुढे सांगते.

तर, प्रेमाचा दिवस एकदाचा पार पडला. दरवर्षी वाटतं, लोकांचा उत्साह या वेळी तरी कमी होईल, आणि दरवर्षी रांग आपली औषधाच्या दुकानाच्या पुढे जाते. औषधवाला चिडून म्हणाला, माझ्या गोळ्या घ्यायला आलेले लोक तुमची बिस्किटं घेऊन घरी जातात. कुकी म्हणायचं हं आता. बिस्किटं म्हटलं की शाळकरी पोरी एकमेकींकडे बघून हसतात. बाबा मात्र हट्टाने बिस्किटंच म्हणतात, आणि एखाद्या पोरीने बदामाच्या आकाराच्या कुकी मागितल्या की तिला विचारतात, आत बदाम हवेत का. दर वेळी तोच विनोद, दर वेळी तेच हसू. मी आता हसायचंही सोडून दिलंय. तू असतीस तर हसली असतीस, कारण तू वर्षातून एकदा ऐकतेस.

फळांचंच आयसिंग, अजूनही. इसेन्सच्या बाटल्या आणू का, असं मी या वर्षी अगदी गोड आवाजात विचारून बघितलं. बाबा म्हणाले, मी गेल्यावर काय हवं ते ओत. त्यामुळे स्ट्रॉबेरी आटवा, संत्र्याचा रस आटवा, अननस आटवा, तो थंड होईपर्यंत अंड्याचा पांढरा भाग आणि पिठीसाखर फेटा, आणि मग सगळं एकत्र करताना देवाचा धावा करा. रस जरा पातळ राहिला की आयसिंग बिस्किटाच्या कडेवरून ओघळतं आणि बदाम रडका दिसतो. संत्र्याच्या सालीचा एवढासा कण आयसिंगच्या कोनाच्या टोकात अडकला की हात दाबून दाबून मनगटातून कळ थेट खांद्यात. स्ट्रॉबेरीचा रंग उजेडात ठेवला की फिका पडतो, म्हणून ते ट्रे कपड्याखाली झाकून ठेवायचे, आणि कपडा चिकटायला नको म्हणून कडेला वाट्या उपड्या मांडायच्या. आधी कड काढायची, मग आतलं भरायचं, मग रात्रभर वाळू द्यायचं आणि सकाळी अक्षरं. हे तुला सांगतेय असं नाही, तुला येतंच सगळं. मी फक्त आठवण करून देतेय. का, ते कळेल.

अक्षरांची तर एक वेगळीच कटकट. ज्याने कोणी ‘हृदय’ हा शब्द काढला त्याने तो आयसिंगने लिहून बघितला नसणार. ‘प्रेम’मधला र दर वेळी पसरतो आणि लोक म्हणतात, ताई, इथे ‘पेम’ लिहिलंय. पेम तर पेम, बाबांनो, पोहोचलं ना! शिरोरेषा शेवटी एका दमात ओढायची असते, हात थरथरला की सगळा शब्द कमरेतून वाकतो. पण इतकी वर्षं करून करून मला एक झालंय बघ. मी आता ते शब्द वाचतच नाही. नुसती गिरवते. गिऱ्हाईक समोर आलं की तोंडातून आपोआप निघतं, कुठल्या फळाचं, कोणासाठी, ‘तुझाच’ की ‘तुझीच’? एकदा शाळेतल्या बाई नवऱ्यासाठी न्यायला आल्या आणि मी ‘तुझाच’ लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी नवरा स्वतः सांगायला आला, की घरात भांडण झालं, हे कोणी पाठवलं म्हणून. त्यात मलाही हसू आलं, पण नंतर वाटलं, दिवसभर लोकांची प्रेमपत्रं लिहायची आणि त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरायचं नाही, हे काही बरं लक्षण नाही.

आता मनगट. डॉक्टरांकडे गेले होते, हो, तुझ्या सांगण्यावरूनच गेले. ते म्हणाले, हाताला विश्रांती दिली नाहीत तर पेला धरतानाही विचार करावा लागेल. निदान महिनाभर कोन नाही, वजन नाही, मळणं नाही. मी विचारलं, आणि माणूस उचलणं? ते म्हणाले, म्हणजे? मी सांगितलं, माझे वडील आहेत, पडल्यापासून उभे राहता येतं, पण आपणहून उठता येत नाही, खुर्चीतून, पलंगावरून, न्हाणीतून उठवावं लागतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, दुसरं कोणी नाही का? तो प्रश्न मी घरी घेऊन आले आणि भिंतीवर टांगून ठेवला. तू दर रविवारी विचारतेस, ताई, असं किती दिवस चालायचं, आणि मी म्हणते, चालतंय तोवर. छोटी, आता नाही चालत. हे मी पहिल्यांदाच लिहितेय, आणि लिहितानाही कोणीतरी ऐकेल असं वाटून मागे वळून बघितलं.

तुला वाईट वाटावं म्हणून नाही लिहीत हे. मी रागावलेलीही नाही, रागवायला अंगात ताकद लागते. बाबा तसे त्रास देणाऱ्यातले नाहीत, माहीत आहे तुला. पण त्यांना डोळ्यांत थेंब घालायला मीच लागते, दुसऱ्या कोणी घातले तर डोळा चुरचुरतो. शेजारच्या काकू घरी असल्या तरी न्हाणीतून हाक मलाच. आणि दुकानात बसायचं नाव नाही. काउंटरच्या मागे स्टूल आहे, पण मालकाने गिऱ्हाइकासमोर बसू नये हा त्यांचा नियम, त्यामुळे काउंटरला धरून उभे राहतात, गुडघे कुरकुरतात, आणि स्टुलावर माझे ट्रे. ते बसत नाहीत म्हणून मीही बसत नाही. आई असती तर तिने दोघांनाही दटावून बसवलं असतं. आता कोण दटावणार?

बरं, आता तुला एक गंमत सांगते. आपला अंडेवाला आठवतो ना? उंच, काटकुळा, टेम्पोतून अंड्यांचे ट्रे असे उतरवतो जशी काही झोपलेली बाळं आहेत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन आपल्या घरी गेली. बोलणं बेताचंच. माल ठेवतो, फुटलेली अंडी आपणहून बदलून देतो, बाबांच्या तब्येतीची चौकशी करतो आणि जातो. अख्खी गल्ली मला ताई म्हणते. औषधवाला ताई म्हणतो, तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असेल. शाळकरी पोरी ताई म्हणतात, परवा तर एका आजोबांनी ताई म्हटलं. हा एकच माणूस असा की याच्या तोंडून कधी ताई निघालं नाही. नुसतं ‘अहो’. मला वाटायचं, जरा आखडूच आहे मेला.

तर हा आदल्या दिवशी अंडी टाकून गेला आणि परत आत आला. रांगेत उभा राहिला, सगळ्यांच्या मागे. त्याला रांगेत बघून मला वाटलं, काही हिशेबाचं विसरला असेल. त्याची पाळी आली तेव्हा माझं तोंड सुरू, कुठल्या फळाचं? तो म्हणाला, लिंबाचं. लिंबाचं कोणी मागत नाही गं या दिवशी, सगळ्यांना गुलाबी हवं असतं. लिंबाची मी मोजकीच करते आणि मोडकी असतील ती उभ्या उभ्या तोंडात टाकते, दिवसभराचं माझं तेवढंच खाणं. मी विचारलं, कोणासाठी, ‘तुझाच’ की ‘तुझीच’? तो म्हणाला, तसं नाही. लिहा, ‘तुम्ही फार दमता. जरा बसा.’

मी हात थांबवला. म्हटलं, अहो, या दिवशी ‘तुम्ही’ कोणी लिहीत नाही. ‘तू’ करते, शोभेल, आणि जागाही कमी लागेल. मागे उभ्या असलेल्या पोरी फिसकन हसल्या. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला, पण म्हणाला, नको, ‘तुम्ही’च असू दे. मी मनात म्हटलं, कोणी म्हातारी मावशी असेल, आजारी असेल. इतके शब्द एका बदामावर बसवायचे म्हणजे माझा जीव गेला, ‘फार’ची शिरोरेषा वाकडी झाली ती वेगळीच. दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला आला, डबी हातात घेतली, उघडून बघितली, नीट वाचली आणि काउंटरवर ठेवून चालू पडला. मला वाटलं, विसरला! मी अख्ख्या रांगेसमोर ओरडले, अहो अंडेवाले, तुमचं बिस्किट राहिलं! तो दारात वळला. म्हणाला, राहिलं नाही, ठेवलंय. आणि गेला.

आता तू तिकडे कपाळाला हात लावला असशील. तुला कळलं ना लगेच? मला नाही कळलं. खरं सांगते, आईशप्पथ नाही कळलं. मला वाटलं, बाबांसाठी ठेवलं. त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करतो ना दर वेळी. मलाच बरं वाटलं, म्हटलं, आम्ही ओरडून दमलो ते अंडेवाल्याने तरी सांगितलं. मी ती डबी उचलून बाबांपुढे धरली. बाबांनी चष्मा वर करून, डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. दोनदा वाचलं. आणि छोटी, त्यांनी स्टुलावरचे ट्रे बाजूला करायला लावले आणि बसले. गिऱ्हाइकांसमोर! बसून सगळं बिस्किट खाल्लं, बोटं चाटली, म्हणाले, आंबट जरा जास्त झालंय, पण माणूस जाणता आहे. संध्याकाळपर्यंत ते बसूनच होते. मी मात्र उभीच.

नंतरच्या खेपेला अंडेवाला आला, ट्रे उतरवले आणि उगाच घुटमळत राहिला. मग विचारलं, खाल्लंत का? मी हसून सांगितलं, हो तर, बाबांनी आवडीने खाल्लं, आणि तुमचं ऐकून बसलेसुद्धा, उपकार झाले बघा. त्याचा चेहरा काय झाला तुला काय सांगू. आधी काही कळेना त्याला, मग हसायला लागला. म्हणाला, अहो, ते तुमच्यासाठी होतं. मी म्हटलं, माझ्यासाठी कशाला? तो म्हणाला, इतकी वर्षं येतोय, तुम्हाला बसलेलं एकदाही बघितलं नाही. मोडकी लिंबाची खाता तीही उभ्यानेच. माझं घर लहान आहे, पण दुपारी शांत असतं. तुमच्या मनात असेल तर या तिथे, कायमच्या. तुमचे बाबा आले तर त्यांच्यासकट या. नसेल मनात तर अंडी येतच राहतील, त्याची काळजी करू नका.

असं म्हणाला गं. दाराशी उभा राहून, हातात रिकामा ट्रे धरून. कोणी मला असं काही बोलेल हे माझ्या डोक्यातही नव्हतं. आणि मी काय उत्तर द्यावं? मी म्हटलं, ओव्हन लावायचाय. आणि आत गेले. आत जाऊन ओव्हनच्या दाराला धरून उभी राहिले, तो तर आधीच लावलेला होता. मग रडू आलं. असं रडू आई गेल्यावरही आलं नव्हतं, कारण तेव्हा तुला सांभाळायचं होतं. बाबांनी बाहेरून विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, लिंबू उडालं डोळ्यात.

तेव्हापासून तो येतो, अंडी ठेवतो, काही विचारत नाही. काल म्हणाला, घाई नाही. मी मान हलवली. मला त्याच्याकडे बघवत नाही आणि तो येणार असला की सकाळपासून मी दाराकडे बघते, आता याला काय म्हणायचं ते तूच सांग. केसांतला मैदा झटकते. पण मग दुपारी बाबांना उठवताना मनगटातून कळ येते आणि वाटतं, कोणीही येऊन मला बस म्हणालं असतं तर मी असंच दाराकडे बघत बसले असते. औषधवाला म्हणाला असता तरी. दमलेल्या माणसाला स्टूल पुढे करणारा देवच वाटतो. तो चांगला माणूस आहे, छोटी. चांगल्या माणसाला नुसतं खुर्चीसाठी हो म्हणणं बरं नाही, आणि मनापासून असलेलं हो नुसतं थकव्याच्या भीतीने दाबून टाकणं, तेही बरं नाही. यातलं माझं कुठलं, हे मला कळत नाहीये. मी इतकी दमलेय की मला माझ्याच मनातलं वाचता येत नाही.

म्हणून हे पत्र. तू ये. चार दिवस पाहुणी म्हणून नाही, महिनाभर ये. तुझी नोकरी आहे, पोरांच्या परीक्षा आहेत, जावईबापूंना चहासुद्धा करता येत नाही, सगळं मला पाठ आहे, आणि तरीही मी ये म्हणतेय. विचार करून ये असं नाही म्हणत, ये म्हणतेय. तुला आयसिंग येतं, अक्षर तुझं माझ्यापेक्षा चांगलं आहे, बाबा पहिले दोन दिवस डोळा चुरचुरतो म्हणतील, तिसऱ्या दिवशी गप्प बसतील. मी मागच्या खोलीत दार लावून झोपणार आहे. मला कोणी उठवायचं नाही, बाबांनी हाक मारली तरी तू जायचं. मी रोज झोपेन, अंगातला सगळा शीण जाईपर्यंत. आणि मग कधीतरी, झोप अगदी पुरी झाल्यावर, सकाळी डोळे उघडताना मला आधी अंडेवाला आठवला तर मी त्याला हो म्हणेन. नुसती अंडी आठवली तर नाही म्हणेन. पण छोटी, त्यासाठी आधी मला झोपायला हवं. ये गं.

तुझीच, आणि सध्या तुझ्याच भरवशावर असलेली,
ताई